शॉकअपचा खटका आणि पाठीचा मणका

आरोग्याच्या सदरात मोटारीच्या शॉकअपचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. डॉक्टरने रक्तदाब, मधुमेह, दमा यांवर लिहावे आणि शॉकअपचे मिस्त्रीने पाहावे, हे म्हणणे वरवर रास्तच आहे. पण पाठदुखी घेऊन येणाऱ्या रुग्णाला मी जे नेहमीचे प्रश्न विचारतो, म्हणजे बैठे काम किती, वजन उचलता का, झोपायला गादी कशी, त्यांत अलीकडच्या काही वर्षांत एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘गाडीत काही बदल करून घेतलात का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळण्याचे प्रमाण वाढते आहे, म्हणून हा लेख.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. गाडीला बाहेरचा सस्पेन्शन संच बसवावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि खिशाचा प्रश्न आहे. पण बसवलाच, तर तो त्या गाडीत बसणाऱ्या सर्वांत नाजूक पाठीच्या मापाने जुळवावा. गाडी चालवणाऱ्या तरुणाच्या आवडीने नव्हे, आणि दुकानदाराच्या सांगण्याने तर मुळीच नव्हे.

आता जिल्ह्याच्याच काय, तालुक्याच्या गावीही गाडी सजवून देणारी दुकाने आहेत. कोणी गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा घालतो, कोणी जीपला उंची वाढवणारा संच लावतो. कोणी मागच्या पाट्यांत आणखी एक पाटा वाढवतो, कोणी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर ठोकतो, तर कोणी मोठ्या रिमवर पातळ टायर चढवतो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो खटके फिरवून कमीजास्त करता येणारे शॉकअप आणतो. हे सारे होते ‘गाडी आरामदायक व्हावी’ या नावाखाली. प्रत्यक्षात पुष्कळदा गाडी आधीपेक्षा जास्त आदळू लागते, आणि घरातल्या आजीबाई माझ्याकडे येऊन मलम मागतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार आहे.

शरीराला कोणता हादरा सोसतो?

आपले शरीर म्हणजे दगड नव्हे. हाडे, स्नायू, चकत्या आणि पोटातील अवयव मिळून ती स्वतःच एक स्प्रिंग आहे. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक लय असते, आणि त्याच लयीत बाहेरून धक्के मिळाले की हेलकावे वाढतात. झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, तसेच हे. बसलेल्या माणसाच्या धडाची उभी लय सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकावे इतकी असते. या पट्ट्यातले हादरे शरीराला सर्वांत जास्त जाणवतात. माणसाला सोसणारी कंपने मोजण्याचे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७० च्या दशकात आले आणि १९९७ साली सुधारले गेले. त्यातही या पट्ट्याला खास महत्त्व दिले आहे.

याउलट, सावकाश चालणारा माणूस मिनिटाला ९० ते १०० पावले टाकतो. म्हणजे सेकंदाला दीडएक हेलकावा. जन्मभर चालून शरीराला त्याची सवय झालेली असते. साध्या घरगुती मोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला १ ते दीड वेळा वरखाली होईल, असाच कारखान्यात बेतलेला असतो. हा योगायोग नाही. त्याहूनही फार संथ, म्हणजे पाच सेकंदांत एखादा हेलकावा असला, तर मळमळते. बोट लागते ती यामुळेच. तेव्हा जितके मऊ तितके चांगले, हेही खरे नाही. पाळणा हळू हलवला तर बाळ झोपते, पण आईने तो कसाही हलवून चालत नाही.

पाठीच्या दोन मणक्यांमधल्या चकतीवर उभे राहण्यापेक्षा वाकून बसण्यात जास्त भार पडतो. त्यात हादऱ्यांची भर पडली की पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि दमतात. दमलेले स्नायू पुढचा धक्का झेलत नाहीत, मग तो सरळ चकतीवर आणि मणक्यावर जातो. ट्रक, ट्रॅक्टर आणि बस चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, त्याचे एक कारण हे आहे.

रोजच्या हादऱ्यापेक्षाही एकच मोठा आदळा कधी कधी घातक ठरतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होत जातात. अशी साठी-सत्तरीतली बाई मागच्या चाकांवरच्या आसनावर बसली आहे आणि गाडी वेगात गतिरोधकावरून गेली, तर ती आसनावरून उचलली जाऊन पुन्हा आदळते. तेवढ्याने छाती जिथे संपते आणि कंबर जिथे सुरू होते, तिथला मणका चेपू शकतो. घरचे म्हणतात, ‘पडली तर नाही, मग हाड कसे मोडेल?’ न पडताही मोडते. पट्टा न लावलेला असला तर धोका आणखी वाढतो.

कडक म्हणजे मजबूत नव्हे

आपल्याकडे ‘कडक’ हा शब्द कौतुकाचा आहे. चहा कडक, इस्त्री कडक, तशी गाडीही कडक हवी! पण सस्पेन्शनमध्ये दोन वेगळी कामे आहेत. स्प्रिंग किंवा कमान पाटे वजन पेलतात आणि खड्डा गिळतात. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगचे हेलकावे थांबवतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्याची ताकद उष्णतेत जिरते. स्प्रिंग हा धक्का सोसणारा भाऊ आणि शॉकअप हा त्याला आवरणारा भाऊ. एकाचे काम दुसऱ्यावर टाकले की घर बिघडते.

बफरचेच पाहा. स्प्रिंगच्या ६ कामकरी वेटोळ्यांपैकी १ वेटोळे बफरने पूर्ण निकामी केले, तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते, आणि मागची बाजू थोडी उचलली जाते. मागे कायम चार पोती माल असेल आणि गाडी खाली टेकत असेल, तर त्याचा काही उपयोग आहे. पण रिकाम्या किंवा दोघांच्या गाडीत तोच बफर धक्के वाढवतो. ‘उशी’ म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात दगडाचे काम करते. जादा पाट्याचेही असेच. भाडे मारणाऱ्या जीपला भार पेलण्यासाठी घातलेला पाटा, रविवारी कुटुंबाला घेऊन देवदर्शनाला निघाल्यावर पाठ फोडतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त पुढची बाजू कडक करणे. १९३० साली रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेले इंजिनिअर मॉरिस ऑली यांनी यावर पायाभूत काम केले. त्यांनी दाखवले, की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ हवी. कारण साधे आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागच्याला नंतर. मागच्या स्प्रिंगची लय थोडी जलद असली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी आडवी सपाट राहून वरखाली होते. उलट केले तर गाडी नंदीबैलासारखी मान डोलावते, आणि तिच्याबरोबर आत बसलेल्यांचीही मान डोलते. डोके जड असते, मान बारीक. प्रवासानंतर मानदुखी आणि डोकेदुखीची तक्रार असेल तर ही गोष्ट तपासून पाहावी.

तिसरी चूक गाडी अति खाली बसवण्याची. स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, आणि सांगाडा वारंवार रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर आदळतो. मग कितीही महागाचा शॉकअप असो, त्याचा उपयोग शून्य.

मात्रा ठरवण्याची रीत

खटक्यांचा शॉकअप बसवणाऱ्यांना मी रक्तदाबाच्या गोळीचे उदाहरण देतो. आम्ही डॉक्टर पहिल्याच दिवशी मोठी मात्रा देत नाही. थोडी देतो, आठ दिवसांनी तपासतो, लिहून ठेवतो, मग वाढवतो. आणि दोन औषधे एकदम बदलत नाही, नाहीतर गुण कोणाचा आणि अवगुण कोणाचा, हे कळत नाही. गाडीलाही हाच नियम लावावा.

पहिले पथ्य, आधी निदान. टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. पंपावरचा मुलगा चारही चाकांत सारखाच जास्तीचा आकडा भरतो आणि आपण शॉकअपला दोष देतो. मग झिजलेले बुश, लिंक रॉड आणि शॉकअपवरची माउंटिंग पाहावीत. निम्म्या गाड्यांचे दुखणे इथेच निघेल, आणि संच घेण्याची गरजच उरणार नाही.

दुसरे, बसवण्याची पद्धत. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर आवळावेत. नाहीतर रबरी बुश कायम पीळ खाल्लेल्या अवस्थेत राहते, गाडी ताठ वाटते आणि बुश लवकर फाटते. उंची बदलली असेल तर व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी आणि दिव्यांचा झोतही तपासावा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. दाबलेली स्प्रिंग घरी उघडण्याचा उद्योग कोणी करू नये. ती सुटली तर जबडा फोडते. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच.

तिसरे, उंची. नेहमीची माणसे आणि सामान गाडीत असताना उंची ठरवावी. शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर प्लास्टिकची एक झिप टाय घट्ट आवळून ठेवावी आणि रोजच्या रस्त्याने फेरी मारावी. टाय ढकलली जाऊन ठोकळ्यापर्यंत पोहोचली, तर गाडी ठोकळ्यावर आदळते आहे, असे समजावे. मग उंची थोडी वाढवावी किंवा त्या भाराला योग्य स्प्रिंग घालावी. खटके आवळून हा दोष जात नाही.

चौथे, खटके. संचासोबत आलेले माहितीपत्रक वाचावे, कारण कोणत्या बाजूने फिरवल्यावर कडक होते ते त्यात असते. अगदी मऊपासून सुरुवात करावी. डावे-उजवे नेहमी सारखे ठेवावे. एका वेळी फक्त पुढचे किंवा फक्त मागचे, दोन-दोन खटके वाढवावेत. तोच पाच किलोमीटरचा रस्ता, तोच वेग. वहीत तारीख आणि खटके लिहावेत.

लक्षणे अशी ओळखावीत. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, तर परतीचा आवर, ज्याला रिबाउंड म्हणतात, तो कमी पडतो आहे. दोन खटके वाढवा. लागोपाठ बारीक खड्ड्यांच्या पट्ट्यात गाडी सुरुवातीला ठीक आणि मग पुढे पुढे ताठ होत गेली, तर परतीचा आवर जास्त झाला आहे. चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि गाडी हळूहळू खाली ओढली जाते. दोन खटके कमी करा. छोट्या खडीवरही तीक्ष्ण टोचणी जाणवली, तर दबण्याचा आवर, म्हणजे कॉम्प्रेशन, जास्त आहे. पुष्कळ संचांत दोन्हींसाठी एकच नॉब असतो. तिथे डुलणे थांबेल इतकेच वाढवून थांबावे. त्यापुढचा प्रत्येक खटका हौसेचा, आणि त्याची किंमत पाठीला मोजावी लागते.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, परीक्षक कोण? चालकाच्या हातात चाक असते, तो खड्डा आधी पाहतो आणि शरीर सावरून घेतो. मागे बसलेल्याला तो धक्का बेसावध असताना बसतो. म्हणून मागच्या आसनावर घरातल्या ज्येष्ठ माणसाला बसवा आणि त्यांना विचारा. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या टूसीव्ही गाडीची अट प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याने अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि अंडे फुटू नये. शेतकरी किती धाडसी, याचा त्यात विचार नव्हता. विचार होता अंड्यांचा.

कोणी कोठे बसावे?

मागच्या चाकांच्या अगदी वरची आणि जीपमधील बाजूची आडवी आसने सर्वांत जास्त आदळतात. वृद्ध, कंबरेचे दुखणे असलेले, हाडे विरळ झालेले आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, यांना पुढच्या किंवा दोन चाकांमधल्या आसनावर बसवावे. आसनाची पाठ थोडी मागे कललेली असावी आणि कंबरेच्या खोबणीत गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. पट्टा सर्वांनी लावावा. तास-दीड तासाने उतरून चार पावले चालावे.

गरोदर बायकांविषयी एक समज घरोघर असते, की खड्ड्यांमुळे गर्भपात होतो. सुरुवातीच्या महिन्यांतील निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, रस्त्यामुळे नव्हे. तेव्हा झालेल्या दुःखाचा ठपका सुनेच्या प्रवासावर ठेवू नये. मात्र गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि कंबर लवकर दुखते, म्हणून तिला सांभाळूनच न्यावे. पट्टा पोटावरून नव्हे, पोटाच्या खालून घ्यावा. रक्तस्राव किंवा पोटात कळा असतील तर प्रवास न करता आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रवासानंतर पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, किंवा वृद्ध व्यक्तीला आदळ्यानंतर पाठीत ठणका बसून तो हटेना, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरी बाजू

तरुण मंडळी म्हणतील, ‘डॉक्टर, मऊ गाडी वळणावर कलंडते.’ बरोबर आहे. अति मऊ आणि झिजलेल्या शॉकअपची गाडी तर धोक्याचीच. चाक रस्त्याला धरून राहत नाही आणि ब्रेक लागायलाही जास्त अंतर लागते. मी गाडी लोण्यासारखी करा, असे म्हणत नाही. मात्रा योग्य करा, एवढेच म्हणतो. आणि ज्याला वळणावर ८० चा वेग हवा आहे, त्याच्या दुखण्यावर शॉकअप हा उपाय नाही.

काही म्हणतील, ‘दोष रस्त्याचा, आम्हाला कशाला बोलता?’ हेही पूर्णपणे खोटे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या मार्गदर्शक सूचनेत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, २५ किलोमीटर वेगाने सहज ओलांडता येईल असा सांगितला आहे. आपल्या गल्लोगल्लीचे, रातोरात डांबराचा ढीग ओतून केलेले उंचवटे या मापात बसत नाहीत. ते काढून घ्या असा अर्ज नगरपालिकेला जरूर करा. मीही सही करीन. पण रस्ता सुधारेपर्यंत निदान आपल्या गाडीत तरी आणखी एक खड्डा बसवून घेऊ नये.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. संच घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

शाळेची मुले नेणारे, रुग्ण नेणारे आणि वडापची जीप चालवणारे, या तिघांना माझी खास विनंती आहे. तुमच्या गाडीत रोज पन्नास पाठी बसतात. भार कमी घ्या, म्हणजे जादा पाट्याची गरज पडणार नाही. आणि ज्यांना हौसेने शॉकअप बदलायचा आहे त्यांनी जरूर बदलावा. मात्र बदलल्यावर पहिल्या रविवारी आईला मागच्या आसनावर बसवून बाजारापर्यंत न्यावे. ती उतरताना कंबरेवर हात ठेवते का, तेवढे पाहावे. ठेवलाच, तर दोन खटके मागे फिरवावेत.